आठ हजारांत कोची: बिएनालेला जाताना पैसे कुठे जातात आणि कुठे वाचतात

सांगली जिल्ह्यातल्या एका कलाशिक्षिकेचा प्रश्न आला आहे, कोची बिएनालेबद्दल, म्हणजे केरळमधल्या कोचीत दर काही वर्षांनी भरणाऱ्या आजच्या कलेच्या मोठ्या प्रदर्शनाबद्दल. थोडक्यात असा: "मी आणि माझी मैत्रीण, दोघी शाळेत चित्रकला शिकवतो. कोची बिएनालेबद्दल कॉलेजात असल्यापासून ऐकतोय, पण जाणं झालेलं नाही. या वेळी जायचंच आहे. प्रत्येकी आठ हजारांच्या वर खर्च करता येणार नाही. जमेल का? किती दिवस ठेवायचे? आणि दुसरं, आम्हाला हे आजच्या काळातलं इन्स्टॉलेशन, म्हणजे खोलीभर वस्तू मांडून केलेलं काम, वगैरे फारसं कळत नाही. एवढ्या लांब जाऊन पैसे पाण्यात तर जाणार नाहीत ना?"

जमेल. माझ्या हिशोबाने सहा-साडेसहा हजारांत जमेल आणि उरलेले हाताशी राहतील. मी कलामहाविद्यालयात शिकवायचो. २०१४ पासून दर वेळी मुलं घेऊन कोचीला गेलो आहे. मुलं म्हणजे खिशात मोजके पैसे, सकाळी नाश्त्याला सहा इडल्या आणि दुपारी चारला पुन्हा भूक. त्यामुळे काटकसर मला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

आधी एक गैरसमज काढतो. कोचीत प्रदर्शनाचं तिकीट हा सगळ्यात किरकोळ खर्च आहे. २०१८ मध्ये ते शंभर रुपये होतं, आताही एका दिवसाचं तिकीट शंभर-दोनशेच्या घरातच धरा. काही आवृत्त्यांत सोमवारी प्रवेश मोफत असायचा, तेव्हा मुलं सोमवारसाठी हटून बसायची. मी त्यांना सांगायचो, शंभर रुपये वाचवायला त्या गर्दीत जाऊ नका. खरा पैसा जातो तो तीन ठिकाणी: चुकीच्या तारखा, चुकीच्या ठिकाणी मुक्काम आणि दमलेले पाय. पाय दमले की माणूस रिक्षा करतो, रिक्षा केली की एसी कॅफेत शिरतो आणि कॅफेत शिरला की अडीचशे रुपयांची कॉफी पितो. हे मी मुलांचं सांगत नाही, माझंच सांगतोय.

तर तारखांपासून सुरुवात करू. कोची-मुझिरिस बिएनाले १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे १२-१२-१२ ला सुरू झाली आणि तेव्हापासून १२ डिसेंबर ही तिची ठरलेली तारीख झाली आहे. या वेळची आवृत्ती १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ अशी आहे. बरोबर ११० दिवस. एवढा मोठा काळ समोर असताना बहुतेक लोक पहिल्या आठवड्यातच का धावतात हे मला कोडं आहे. उद्घाटनाला देशभरातले गॅलरीवाले, चित्रकार, पत्रकार असतात, ओळखी होतात, ते ठीक. पण तुम्हाला काम बघायचं आहे, आणि पहिल्या आठवड्यात निम्म्या खोल्यांत सुतार आणि वायरमन असतात. २०२२ ची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. १२ डिसेंबरला उघडायचं मुख्य प्रदर्शन आयत्या वेळी पुढे ढकललं गेलं आणि ते २३ डिसेंबरला खुलं झालं. तोवर लांबून लांबून माणसं पोचलेली होती.

नाताळ ते नववर्ष हा काळ तर पूर्णच टाळा. फोर्ट कोचीत, म्हणजे बिएनाले भरते त्या जुन्या भागात, वर्षअखेरीला कार्निव्हल असतो. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री 'पप्पांजी' नावाचा सांताक्लॉजसारख्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा भला मोठा पुतळा जाळतात, आपल्या होळीची आठवण व्हावी असा. बघायला मजा येते, पण त्या आठवड्यात खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात. एका होमस्टेने (नाव नको) फोनवर ठरलेला दर आम्ही बॅगा घेऊन दारात उभे असताना बदलला होता. रात्रीचे साडेनऊ, बरोबर अकरा मुलं. काय करणार, दिले.

सव्वीस जानेवारी या वेळी सोमवारी येते, म्हणजे लांब सुट्टी, म्हणजे गर्दी. तसंही झेंडावंदन तुम्हाला चुकणार नाही. म्हणून २७ जानेवारीनंतर निघा आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत परत या. तोवर सगळी कामं उभी राहिलेली असतात, तिथले स्वयंसेवक माहिती सांगून सांगून तयार झालेले असतात आणि उकाडा अजून अंगावर आलेला नसतो. मार्चमध्ये जाऊ नका असं नाही, पण पत्र्याच्या वखारीत मार्चमधली दुपार म्हणजे भट्टी. त्या घामात चांगलं कामसुद्धा नकोसं वाटतं.

आता गाडी. मिरजेवरून तुमची सोय आमच्यापेक्षा चांगली आहे. पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, लोंढा करत मडगावला कोकण रेल्वेला लागते आणि थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या रेल्वे स्टेशनला, सोडते. अडचण एकच, ती आठवड्यातून एकदाच आहे. म्हणून जाताना पूर्णा धरा आणि येताना रोजच्या गाड्यांपैकी एक: नेत्रावती किंवा मंगला लक्षद्वीप. दोन्ही पनवेलला थांबतात, तिथून पुढे सांगलीपर्यंत एसटी. पूर्णाचा वार जुळत नसेल तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने मडगाव गाठा आणि मडगावला गाडी बदला. स्लीपरचं एका बाजूचं तिकीट सात-आठशेच्या आसपास पडेल. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० दिवस होतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून बदललं), तेव्हा तारीख ठरली की त्याच सकाळी काढा. कोकण रेल्वेच्या स्लीपरला वेटिंग लिस्ट लांब असते आणि ती आशेवर ठेवून दगा देते.

विमानाचं विचाराल तर आधीपासून काढलेलं स्वस्तातलं तिकीट कधीकधी मोहात पाडतं. पण आधी सांगलीहून मुंबई-पुण्याचा विमानतळ गाठायचा, तिकडे उतरल्यावर नेडुंबासेरीहून फोर्ट कोची चाळीसेक किलोमीटर, ते सगळं मिळवलं की स्वस्तपणा संपतो. शिवाय गाडीतली ती रात्र आणि सकाळ म्हणजे एका मुक्कामाचं भाडं वाचलेलं असतं. कारवार ओलांडल्यावर खिडकीतून ज्या खाड्या दिसतात, त्यांचे पैसे तर कोणी मागतच नाही.

एर्नाकुलम जंक्शनला उतरलात की स्टेशनबाहेर रिक्षावाला "फोर्ट कोची?" असं विचारेल. त्याला फक्त बोट जेट्टीपर्यंत न्या म्हणा. तिथून सरकारी बोट फोर्ट कोचीच्या कस्टम्स जेट्टीला जाते. भाडं दहा रुपयांच्या आत, वेळ वीसेक मिनिटं. माझ्या मते केरळमधला हा सगळ्यात चांगला व्यवहार आहे. रिक्षाने पुलावरून वळसा घालून गेलात तर तीन-चारशे रुपये आणि ट्रॅफिक. २०२३ पासून वॉटर मेट्रोही सुरू आहे, नवीकोरी, वातानुकूलित, हायकोर्ट जेट्टीहून फोर्ट कोचीला चाळीस रुपये. एकदा तिने जरूर जा, पण रोजची सवय जुन्या बोटीची ठेवा. तिच्यात शाळेची मुलं, मासळीच्या टोपल्या, ऑफिसची माणसं, सगळं असतं.

मुक्काम फोर्ट कोचीतच करा, हे मी हट्टाने सांगेन. २०१४ मध्ये मी शहाणपणा केला होता. एर्नाकुलममध्ये लॉज स्वस्त, म्हणून सगळी मुलं तिकडे उतरवली. रोज सकाळी लॉज ते जेट्टी, जेट्टीवर रांग, बोट, मग चालणं आणि संध्याकाळी शेवटची बोट चुकेल या धाकाने साडेपाचलाच सगळ्यांच्या माना घड्याळाकडे. दिवसाचे अडीच तास रस्त्यात गेले. खोलीमागे वाचवलेले दोनशे रुपये रिक्षात गेले ते वेगळंच. तेव्हापासून फोर्ट कोची. तिथे गल्लोगल्ली घरातल्या दोन-तीन खोल्या भाड्याने देणारे होमस्टे आहेत. पंख्याची, बिनएसीची दोघींची खोली गर्दीचे दिवस सोडून बाराशे-पंधराशेला मिळायला हरकत नाही. संकेतस्थळावर पाहून ठेवा, पण मग थेट फोन करून "तीन रात्री राहणार, जेवण नको" असं सांगितलं की दर थोडा खाली येतो. एसीचा हट्ट नको, मच्छरदाणीचा मात्र धरा. कोचीच्या डासांची ख्याती पोर्तुगीजांच्या काळापासूनची असावी असा माझा संशय आहे. संध्याकाळी पाचनंतर पूर्ण बाह्या, आणि ओडोमॉस घरूनच न्या.

दिवस किती? तीन रात्री आणि सव्वातीन दिवस. दोन दिवसांत धावपळ होते आणि पाचव्या दिवशी डोळे काही घेत नाहीत.

आता हिशोब मांडतो. गाडी येऊन-जाऊन सोळाशे, गाडीतलं खाणं चार-पाचशे (पहिल्या दिवसाच्या दशम्या आणि चटणी घरून घेतली तर तेवढंही नाही), खोलीचा तुमचा अर्धा वाटा तीन रात्रींचा एकवीसशे-बावीसशे, जेवणखाण तीन दिवसांचं बाराशे, प्रदर्शनाची दोन दिवसांची तिकिटं चारशे धरू, बोटी-रिक्षा-एसटी सातशे. साडेसहा हजार. वरचे दीड हजार अडीअडचणीला आणि एखाद्या चांगल्या माशाच्या जेवणाला.

जेवणाचं एक सांगायला हवं. समुद्राकाठच्या रस्त्यावर मासे पकडायच्या मोठ्या चिनी जाळ्यांजवळ जे हातात मेनूकार्ड घेऊन हाका मारतात, त्यांच्याकडे जाऊ नका. दोन गल्ल्या आत जा. सकाळी पुट्टु आणि कडला, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या नळकांड्या आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, किंवा अप्पम. दुपारी 'ऊण' लिहिलेली पाटी शोधा. ऊण म्हणजे थाळी: जाड लालसर उकडा भात, दोन-तीन भाज्या, सांबार, पापड, आणि भात मागाल तेवढा. मासा वेगळा मागवायचा. खोबरेल तेलाचा वास पहिल्या दिवशी जाणवतो, तिसऱ्या दिवशी जाणवत नाही. चारच्या सुमाराला टपरीवर चहाबरोबर पळंपोरी घ्या, पिकलेल्या केळ्याची भजी. एक प्लेट दोघींना पुरते. फोर्ट कोचीशेजारच्या मट्टनचेरीत तिरुमल देवस्वम मंदिराच्या आसपास शाकाहारी मिळतं, आणि तिथे जरा कान द्या: शेकडो वर्षांपूर्वी गोव्यातून आलेल्या सारस्वतांची ती वस्ती आहे, घराघरांत कोकणी बोलतात. आपल्याला निम्मी कळते, त्यांना आपली थोडीफार. एका दुकानदार आजींनी आमच्या मुलांना "खंयचे तुमी?" असं विचारलं तेव्हा पोरं चकितच झाली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण पैसे पाण्यात जाणं न जाणं त्याच्यावर आहे.

"कळत नाही" ही भीती घेऊन जाणारा माणूस दोनपैकी एक करतो. एक तर प्रत्येक पाटी शब्द न शब्द वाचतो आणि कामाकडे बघायचं राहूनच जातं, किंवा प्रत्येक गोष्टीसमोर दहा सेकंद उभा राहतो, फोटो काढतो आणि पुढे सरकतो. दोघेही संध्याकाळी म्हणतात, डोकं दुखतंय. चित्रकलेचे शिक्षक असून मीही पहिल्या वर्षी हेच केलं. एका दिवसात सगळी ठिकाणं उरकली आणि रात्री आठवायला बसलो तर पाच कामंसुद्धा नीट आठवेनात.

मग मी मुलांना नियम घातला. पहिल्या फेरीत नुसतं भटकायचं, वाचायचं काही नाही. जिथे पाय आपोआप थांबतात अशा सात-आठ जागा वहीत टिपायच्या. दुसऱ्या फेरीत फक्त तिथेच जायचं, प्रत्येक ठिकाणी निदान पंधरा मिनिटं, आणि आता पाटी वाचायची. बाकीचं सोडून द्यायचं. सगळं बघून झालंच पाहिजे हा हिशोब थाळीचा आहे, प्रदर्शनाला तो लावू नये.

आणि खरं सांगू का, कोचीत बरीचशी कामं अशी असतात की ती कळायच्या आधी अंगाला लागतात. २०१६ मध्ये चिलीचे कवी राउल झुरिता यांनी अ‍ॅस्पिनवॉल हाउस या बिएनालेच्या मुख्य ठिकाणातल्या एका लांब वखारीत समुद्राचं पाणी भरलं होतं. चपला काढायच्या, कपडे वर खोचायचे आणि पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं. बाजूच्या भिंतींवर काही प्रश्न लिहिलेले, शेवटच्या भिंतीवर कविता. समुद्रकिनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या आलान कुर्दी या सीरियन बाळाचा फोटो सगळ्या जगाने पाहिला होता. त्याच्याबरोबर बुडालेल्या त्याच्या भावाचा, गालिपचा, फोटो नव्हता. हे काम त्या भावासाठी होतं. आमच्यातला एक मुलगा, कधी दोन ओळी न वाचणारा, अर्ध्यात थांबला आणि मागे वळून म्हणाला, "सर, पाण्यात मागे फिरणं जास्त जड जातंय." त्याला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी स्लोव्हेनियाचे कवी आलेश श्तेगर यांचा पिरॅमिड होता, बाहेरून शेणामातीचा. आत मिट्ट काळोखाची बोळ, आणि देशोधडीला लागलेल्या कवींच्या कविता कानावर पडत राहायच्या. शहरातली मुलं शेणाच्या वासाने नाक मुरडत होती. जत आणि आटपाडीकडची दोन मुलं मात्र भिंतीला हात लावून सारवण कसं केलंय ते बघत होती. तुमच्यासारख्यांना तिथे कमी कळतं हे मी मान्यच करणार नाही. माती, सुतळी, पत्रा, पोतं, मासेमारीची जाळी, या वस्तूंशी ज्याचा हात रुळलेला आहे त्याला निम्मं काम आधीच ओळखीचं असतं. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सू विल्यमसन यांनी छतापासून जाळी टांगून त्यांत काचेच्या बाटल्या भरल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या माणसांची नोंद, आणि बाटल्यांतून पाणी ठिबकत होतं. शाळेत गुलामगिरीचा धडा शिकवणाऱ्या कोणालाही तिथे वेगळ्या भाषांतराची गरज पडली नसती.

सगळंच असं असतं असं मात्र समजू नका. काही कामं पोकळ असतात. पाटीवर जडजंबाल इंग्रजी आणि समोर चार विटा. तिथे आपलंच काहीतरी चुकतंय असं मानून अपराधी चेहऱ्याने उभं राहू नका, सरळ पुढे जा.

व्हिडिओंचं गणित आधी करावं लागतं. काळ्या पडद्याच्या खोलीबाहेर काम किती मिनिटांचं आहे ते लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं असेल तर बसा. चाळीस मिनिटांचं असेल तर दुपारी दोन ते तीनमध्ये बसा, बाहेर ऊन असताना. विल्यम केंट्रिज यांची २०१८ ची मिरवणूक आठ पडद्यांवर खोलीभर फिरायची, बँडच्या तालावर सावल्यांची माणसं सलाइनच्या बाटल्या ओढत, नाचत चाललेली. आम्ही ती तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा भिंतीला टेकून जमिनीवर बसून, पाय पसरून. तेवढीच पायांना विश्रांती.

तीन दिवसांचा क्रम मी असा ठेवीन. पोचलात त्या दिवशी दुपारनंतर तिकीट काढू नका. मट्टनचेरीत बाजार रस्त्याने चालत सुटा. सुंठ, मिरी, वेलदोड्याच्या जुन्या वखारी, काही अजून चालू, काही प्रदर्शनासाठी रिकाम्या केलेल्या. विद्यार्थ्यांची बिएनाले या वखारींतून भरत आली आहे आणि तिला तिकीट नसतं. देशभरातल्या सरकारी कलामहाविद्यालयांतली मुलं तिथे काम मांडतात. कलाशिक्षिका म्हणून तुम्हाला मुख्य प्रदर्शनाइतकंच हे उपयोगी पडेल, कदाचित जास्तच. इथली कामं कमी पैशांत, हाताशी मिळेल त्या सामानातून केलेली असतात आणि त्यांतल्या कल्पना शाळेत नेता येतात. मुलंही कामाशेजारीच बसलेली असतात, बोलायला उत्सुक. जवळच मट्टनचेरीचा राजवाडा आहे. त्याचं तिकीट अगदी नाममात्र असतं, पण शुक्रवारी तो बंद. आतली रामायणाची भित्तिचित्रं सोडू नका. २०१६ मध्ये पी. के. सदानंदन यांनी अ‍ॅस्पिनवॉलमध्ये त्याच परंपरेतलं पंधरा मीटर लांब भित्तिचित्र प्रदर्शन चालू असताना, प्रेक्षकांसमोर, नैसर्गिक रंगांत रंगवत नेलं होतं. आम्ही राजवाड्यातून थेट तिकडे गेलो होतो आणि मुलांनी त्यांचे ब्रश कशाचे, डिंक कोणता, असं तासभर त्यांना पिडलं.

दुसरा अख्खा दिवस मुख्य ठिकाणांचा. सकाळी दहाच्या ठोक्याला दारात असा. पहिला दीड तास शांत असतो, अकरा-साडेअकराला सहलींच्या बस येतात. अ‍ॅस्पिनवॉल हाउस म्हणजे १८६७ मध्ये सुरू झालेल्या इंग्रज व्यापारी कंपनीची समुद्राकाठची वखार. सुरुवातीपासून बिएनालेचं मुख्य घर तेच, पण कुठल्या इमारती वापरायच्या ते दर वेळी बदलतं, तेव्हा तिकिटाबरोबर नकाशा घ्या आणि दोन गोष्टी विचारा: एकदा बाहेर पडून त्याच ठिकाणी परत येता येतं का, आणि मोफत मार्गदर्शनाची फेरी किती वाजता आहे. ती फेरी सोडू नका. पिशवीत पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू, छत्री. पायांत बूट नकोत, चटकन काढता येतील अशा चपला. या वेळी प्रदर्शनाची सूत्रं परफॉर्मन्स, म्हणजे प्रेक्षकांसमोर सादर करायची कला, करणारे निखिल चोप्रा आणि गोव्यातली 'एचएच आर्ट स्पेसेस' ही कलाकारांची मंडळी यांच्याकडे आहेत. त्यांचं सगळं काम देह आणि वेळ यांभोवती फिरतं, म्हणून सादरीकरणांचा त्या दिवसाचा फलक सकाळीच वाचून ठेवा. तासन्‌तास चालणारं सादरीकरण सलग बघायची गरज नसते. सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा, संध्याकाळी दहा, असं बघा. काय बदललंय तेच बघायचं असतं.

तिसऱ्या दिवशी दुसरी फेरी, वहीतल्या सात-आठ जागांची. संध्याकाळी भाषण किंवा सिनेमा असेल तर तिकडे बसा.

फोर्ट कोची ते मट्टनचेरी अडीच-तीन किलोमीटर आहे. सकाळी आणि संध्याकाळी चाला, दुपारी रिक्षा करा. भाडं आधी ठरवा. "फुकट नेतो, फक्त एका दुकानात दहा मिनिटं" असं म्हणणाऱ्याच्या रिक्षात मात्र बसू नका. त्या दहा मिनिटांत गालिचे दाखवतात.

हे सगळं वाचून "मुंबईतच बघू की" असं मनात येईल, तर तेही वाईट नाही, आणि एकाऐवजी दुसरं असं ते नाहीच. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही. फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांनाही नाही. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर बंद दार दिसतं आणि आपण परत फिरतो. बेल वाजवायची. कोणी विकत घेणार का असं विचारत नाही. तुमच्या मैत्रिणीला घेऊन निघण्याआधी एकदा असा एक दिवस काढा, डोळ्यांना सराव होईल. कोचीच्या या सगळ्या उद्योगामागे मुंबईच आहे म्हणा ना: बिएनाले सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू दोघे मुंबईच्या जेजे कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी, पुढच्या दोन आवृत्त्यांची मांडणी करणारे जितिश कल्लाट आणि सुदर्शन शेट्टीही जेजेचेच.

परतीच्या दिवशी सकाळीच बोटीने एर्नाकुलमला या. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. तिथे कुलूप लावलेलीच बॅग घेतात, तेव्हा छोटं कुलूप घरून न्या. दरबार हॉल ही जुनी कलादालनाची इमारत स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. बिएनालेचा एखादा भाग तिथे असतो आणि नसला तरी दुसरं प्रदर्शन बहुधा असतंच. गाडीला वेळ असेल तर ब्रॉडवेच्या बाजारात जाऊन केळ्याचे वेफर घ्या. समोर खोबरेलात तळतात ते, वजनावर, गरम असताना. पाकिटातले नकोत. अर्धा किलो स्टाफरूमसाठी आणि पाव किलो गाडीत लागतील, कारण ते पनवेलपर्यंत उरत नाहीत.